दख्खनमधील शेतीपद्धती, धारणक्षेत्र व जमिनीचा कस

दख्खनमधील शेतीपद्धती, धारणक्षेत्र व जमिनीचा कस : जमीन कसण्याची रीत, एका कुटुंबाकडे असलेल्या जमिनीचे आकारमान आणि मृदेची सुपीकता या तीन गोष्टींचा परस्परसंबंध दख्खनच्या पठारावर जितका स्पष्टपणे अभ्यासता येतो, तितका तो भारतात फार थोड्या प्रदेशांत येतो. पाऊस अपुरा व लहरी, मृदा खोलीने असमान आणि लोकसंख्या वाढती, अशा परिस्थितीत येथील शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या जे मार्ग अवलंबिले, त्यांचे परिणाम जमिनीवर उमटत गेले. सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेतील पुणे, अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर), सोलापूर, सातारा, सांगली हे जिल्हे व त्यांना लागून असलेला विजापूरचा भाग हा या इतिहासाचा मुख्य प्रदेश होय.

प्राकृतिक पार्श्वभूमी : दख्खनमधील बहुतेक मृदा बेसाल्ट खडकाच्या अपक्षयातून तयार झालेल्या आहेत. डोंगरउतारावर व माळावर मुरमाड, उथळ आणि बरड जमीन, मधल्या पट्ट्यात मध्यम काळी, तर नद्यांच्या खोऱ्यांत खोल व भारी काळी जमीन असा क्रम सर्वसाधारणपणे आढळतो. भारी काळ्या जमिनीत फुगणाऱ्या चिकणमातीचे प्रमाण पुष्कळ असते. त्यामुळे तिची पाणी धरून ठेवण्याची शक्ती मोठी असते. परंतु ओली झाल्यावर तिच्यात पाणी मुरण्याचा वेग अतिशय मंदावतो, निचरा बिकट होतो आणि उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात. या मृदांत जैव पदार्थ स्वभावतःच कमी असतात. उष्ण हवामानात ते लवकर कुजून नाहीसे होतात आणि त्यांची भरपाई सतत करावी लागते.

पर्जन्यमान साधारणतः ५०० ते ७५० मिमी. असून त्याचा मोठा भाग थोड्या दिवसांत, विशेषतः सप्टेंबरमध्ये, जोराच्या सरींनी पडतो. रब्बी ज्वारीसाठी राखलेली भारी जमीन खरीप हंगामात मोकळी असते. पिकाचे आच्छादन नसलेल्या अशा जमिनीवर या सरी पडल्या म्हणजे वरचा सुपीक थर पाण्याबरोबर वाहून जातो. काही सेंमी. जाडीचा थर तयार होण्यास शतके लागतात. तो जाण्यास काही पावसाळे पुरतात. दख्खनमधील मृदेचा प्रश्न मूलतः हा आहे.

पारंपरिक पद्धती : लोकसंख्या विरळ असताना जमिनीला विश्रांती देणे शक्य होते. हलक्या जमिनी काही वर्षे कसून नंतर पडीक ठेवीत व त्यांवर गुरे चारीत. कसदार जमिनीत पिकांची फेरपालट केली जाई. आधीच्या पिकामुळे जमिनीला येणाऱ्या गुणाला शेतकरी ‘बेवड’ म्हणतात. तूर, मूग, हरभरा यांसारख्या द्विदल पिकांचा बेवड ज्वारी-बाजरीला चांगला, हे ज्ञान नायट्रोजन स्थिरीकरणाचे शास्त्र अवगत होण्यापूर्वीपासून प्रचलित होते. बाजरीत तूर किंवा मटकी यांसारखी मिश्रपिके घेण्याची रीतही धान्याची सुरक्षितता व जमिनीचे आच्छादन या दोन्ही दृष्टींनी उपयुक्त होती. शेणखत, मेंढ्या बसविणे, तळ्याचा गाळ वाहून आणणे ही खताची साधने होती. ओघळींवर ताली घालून वाहून आलेली माती अडविण्याची प्रथाही जुनी आहे.

भारी जमिनीची लाकडी नांगरट करण्यास बैलांच्या तीन-चार जोड्या लागत. एकट्या शेतकऱ्याजवळ त्या क्वचितच असत. म्हणून गावकरी ‘इर्जिक’ करून किंवा ‘सावड’ घालून एकमेकांची कामे उरकीत. शेत वैयक्तिक मालकीचे असले, तरी ते कसण्याची क्रिया अंशतः सामुदायिक होती, ही गोष्ट पुढील घडामोडी समजण्यास महत्त्वाची आहे.

खानदेश व नासिक भागातील ‘फड’ पद्धती हे सामुदायिक नियोजनाचे सर्वांत विकसित उदाहरण होय. पांझरा, मोसम इ. नद्यांवर बंधारे घालून त्यांच्या पाटाखालील क्षेत्र काही फडांत विभागले जाई. एका फडात सर्व मालकांनी एकच पीक घ्यावयाचे व दरवर्षी फडांचे पीक पालटावयाचे, असा नियम असे. ऊस एका जागी कायम राहत नसल्याने जमिनीला विसावा मिळे, पाण्याची वाटणी सोपी होई आणि जास्तीचे पाणी एखाद्याच्या शेतात साचून राहत नसे. येथे प्रत्येकाचा तुकडा लहान असला, तरी पीकनियोजनाचे एकक मोठे होते.

रयतवारी व जमिनीची विभागणी : पेशवाईच्या अस्तानंतर दख्खनमध्ये इंग्रजी अंमल सुरू झाला. प्रिंगल यांच्या पहिल्या सदोष आकारणीनंतर गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यापासून नवी रयतवारी आकारणी सुरू केली. तीस वर्षांसाठी निश्चित झालेला सारा, वाढती शांतता आणि कापसासारख्या पिकांना मिळालेली बाजारपेठ यांमुळे पडीक व गायरानी जमीन झपाट्याने लागवडीखाली आली. उथळ माळजमिनीही नांगरल्या गेल्या. चराई क्षेत्र आकुंचित झाले, वनांवर सरकारी निर्बंध आले आणि गुरांची व पर्यायाने शेणखताची ओढाताण सुरू झाली. गोवऱ्यांचा जळणासाठी वापर वाढल्याने खताचा उरलेला वाटाही घटला.

या ऱ्हासाकडे लक्ष वेधणाऱ्या पहिल्या मराठी विचारवंतांत जोतीराव फुले यांचे स्थान महत्त्वाचे आहे. शेतकऱ्याचा असूड (१८८३) या ग्रंथात त्यांनी शेते विसाव्यावाचून सतत पिकविली जाण्याचे दुष्परिणाम दाखविले आणि पावसाचे पाणी शेतात मुरावे यासाठी सरकारने लष्करी व पोलीस शिपायांकडून जागोजाग ताली व बंधारे बांधून घ्यावेत, अशी सूचना केली. पाणी शिवारावर अडविण्याचा जो विचार विसाव्या शतकात धोरण म्हणून मान्य झाला, त्याचे बीज या सूचनेत दिसते.

वारसाहक्काने होणाऱ्या वाटण्यांचा परिणाम किती खोलवर गेला होता, हे हॅरल्ड मान यांच्या पाहणीने प्रथम आकड्यांनिशी स्पष्ट झाले. मान हे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ मध्ये ती प्रसिद्ध केली. या गावातील सरासरी धारणक्षेत्र १७७१ मध्ये ४० एकर होते. ते १८१८ मध्ये सु. १७·५ एकर, १८२०–४० या काळात सु. १४ एकर आणि १९१४-१५ मध्ये केवळ ७ एकर झाले. या शेवटच्या वर्षी सु. ८१ टक्के धारणक्षेत्रे १० एकरांहून व सु. ६० टक्के ५ एकरांहून लहान होती. शिवाय एका मालकाची जमीनही सलग नसून अनेक तुकड्यांत विखुरलेली होती.

विभागणी व अपखंडन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विभागणीने कुटुंबाची एकूण जमीन घटते, तर अपखंडनाने तीच जमीन दूरदूरच्या तुकड्यांत विखुरते. भावाभावांत वाटणी करताना बरड व कसदार अशा दोन्ही जमिनींत प्रत्येकाला वाटा मिळावा, हा हेतू न्याय्य होता. परंतु त्यामुळे अनेक ठिकाणी शेताच्या लांबट पट्ट्या पडून त्यांची नांगरट उताराच्या दिशेने होऊ लागली आणि प्रत्येक तास पाण्याची वाट बनला. अरुंद तुकड्यात विहीर काढणे परवडेना, दूरच्या तुकड्यावर खत नेणे होईना आणि एका जोडीपुरतेही काम नसलेल्या मालकास बैल पोसणे जड जाऊ लागले.

मुंबई इलाख्याचे कृषी संचालक कीटिंग यांनी या प्रश्नावर कायद्याचा उपाय सुचविला होता. १९२७ मध्ये विधिमंडळात आलेल्या अल्पधारणक्षेत्र विधेयकास मात्र तीव्र विरोध झाला व ते मागे पडले. लहान शेतकरी भूमिहीन होईल, ही विरोधकांची भीती निराधार नव्हती. शेतीबाहेर पोटापाण्याचे साधन नसलेल्या माणसाच्या दृष्टीने दोन एकरांचा तुकडा ‘अकिफायतशीर’ असला, तरी तोच त्याचा आधार होता. पुढे १९४७ मध्ये तुकडेबंदी व तुकडेजोड कायदा झाला. पण वारसांची संख्या व इतर रोजगाराचा अभाव ही मूळ कारणे कायम राहिल्याने विभागणी थांबली नाही.

कालवे व खारवट जमिनी : १८७६–७८ च्या भीषण दुष्काळानंतर दुष्काळनिवारणाचा उपाय म्हणून दख्खनमध्ये कालव्यांच्या कामांस चालना मिळाली. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. दुष्काळी वर्षांत ज्वारी-बाजरी वाचविणे हा त्याचा हेतू होता. प्रत्यक्षात चांगल्या पावसाच्या वर्षी धान्यपिकांसाठी पाण्याला मागणी नसे आणि बारमाही पाण्यावर ऊस पिकवू लागलेले बागायतदार हेच कालव्याचे मुख्य ग्राहक ठरले.

खोल काळ्या जमिनीस सतत पाणी मिळाल्याने भूमिजलाची पातळी वर आली. केशाकर्षणाने वर चढलेल्या पाण्याचे बाष्पीभवन होऊन त्यातील लवणे पृष्ठभागावर साचली आणि पंचवीस वर्षांच्या आतच नीरेच्या खोऱ्यात पांढरट खारवट पट्टे दिसू लागले. मान व तम्हाणे यांनी या जमिनींचा अभ्यास करून १९१० मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. सोडियमचे प्रमाण वाढलेल्या जमिनी तर ‘चोपण’ झाल्या. अशा जमिनीत मातीचे कण विखुरतात, पाणी मुरत नाही आणि सुकल्यावर ढेकळे दगडासारखी कठीण होतात.

विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्या यांनी ठोक पद्धती सुचविली. पाणी थोड्या गावांत एकवटण्याऐवजी अनेक गावांत ठरावीक गटांत द्यावे व प्रत्येक गटात ऊस आणि हंगामी पिके यांची फेरपालट व्हावी, असे तिचे सूत्र होते. फड पद्धतीतील शहाणपण मोठ्या कालव्याला लावण्याचा हा प्रयत्न म्हणता येईल. पुढे इंग्लिस यांच्या देखरेखीखाली निचऱ्याचे चर काढण्यात आले व पाडेगाव येथे १९३२ मध्ये ऊस संशोधन केंद्र स्थापन झाले. तथापि प्रवरा, गोदावरी इ. कालव्यांखाली उसाचे क्षेत्र वाढतच गेले. १९५०-५१ मध्ये प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम झाला आणि लहान बागायतदार मोठ्या उद्योगाशी जोडला गेला. सहकारामुळे लहान धारणक्षेत्र असतानाही प्रक्रिया व विक्री यांत मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाचे लाभ मिळू शकतात, हे त्याने सिद्ध केले. परंतु कारखान्यास दरवर्षी पुरेसा ऊस मिळणे आवश्यक असल्याने फेरपालटीचे बंधन सैल झाले. कृष्णाकाठच्या मिरज, वाळवा, शिरोळ या तालुक्यांतील क्षारपड जमिनी हे त्याचे दृश्य फळ होय. तेथे जमिनीखाली सच्छिद्र नळ्या घालून निचरा साधण्याचे प्रयोग यशस्वी झाले आहेत. मात्र निचऱ्याचे पाणी शेजाऱ्याच्या शेतातून ओढ्यापर्यंत न्यावे लागत असल्याने एकट्या शेतकऱ्यास हा उपाय करता येत नाही.

कोरडवाहू शेतीचे संशोधन : बहुसंख्य शेतकरी कालव्याबाहेरच होते. त्यांच्यासाठी १९२३ मध्ये पुण्याजवळील मांजरी येथे तम्हाणे यांनी प्रयोग सुरू केले. भारतीय कृषी शाही आयोगाच्या (१९२८) शिफारशींनंतर १९३३ मध्ये सोलापूर व विजापूर येथे कोरडवाहू शेती संशोधन केंद्रे निघाली. सोलापूरच्या कामास ना. वि. कानिटकर यांचे नेतृत्व लाभले. तेथील संशोधनातून ‘मुंबई कोरडवाहू पद्धती’ सिद्ध झाली. बांधबंदिस्ती, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट, शेणखताचा माफक वापर, पावसाळ्यात वरचेवर कुळवाच्या पाळ्या, कमी बियाणे व १८ इंच अंतरावर पाभरीने पेरणी आणि पिकात कोळपण्या ही तिची अंगे होत. जमिनीतील प्रत्येक थेंब पिकासाठी राखणे हे तिचे तत्त्व होते.

या पद्धतीने पीक बुडण्याचा धोका कमी झाला, परंतु उत्पादन माफकच वाढले. शिवाय नांगरट व पाळ्या यांसाठी लागणारी बैलशक्ती आणि खत लहान शेतकऱ्याजवळ नव्हते. तिच्यातील बांधबंदिस्ती तेवढी मोठ्या प्रमाणावर अंमलात आली. मुंबई भूमिसुधारणा योजना अधिनियम १९४२ मध्ये संमत झाला आणि त्याखाली समपातळी बांधांची कामे हाती घेण्यात आली. हलक्या व मध्यम जमिनींत त्यांचा चांगला उपयोग झाला. भारी काळ्या जमिनीत मात्र बांधामागे पाणी तुंबून पीक पिवळे पडे किंवा बांध फुटे. तेथे पाण्याला सावकाश वाट देणारे उताराचे बांध अधिक योग्य, असे पुढे आढळून आले. दुसरी अडचण मालकीची होती. समपातळी रेषा शेताच्या हद्दी मानीत नाही. ती एका शेताचे वेडेवाकडे भाग पाडते व पाणी एकाकडे अडते, तर लाभ दुसऱ्यास होतो. म्हणून अनेक शेतकऱ्यांनी असे बांध मोडून हद्दीवरचे बांध पसंत केले.

कसणारा व मालक यांच्या संबंधाचाही मृदेशी निकटचा संबंध आहे. दरसाल कूळ बदलण्याची भीती असेल, तर कसणारा ताल घालीत नाही किंवा खत भरीत नाही, कारण या खर्चाचे फळ काही वर्षांनी मिळते. १९४८ चा कूळकायदा व १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनापासून कुळांना मिळालेली मालकी यांमुळे हा अडसर पुष्कळ अंशी दूर झाला. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने मोठ्या धारणक्षेत्रांस मर्यादा घातली. खासगी साखर कारखान्यांच्या विस्तीर्ण जमिनी शासनाकडे आल्यावर त्या कसण्यासाठी १९६३ मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झाले.

हरितक्रांतीनंतरचा काळ : १९६४ मध्ये सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण प्रसृत झाला. रासायनिक खतांच्या जोडीने संकरित ज्वारीने खरीप धान्योत्पादनात मोठी भर घातली. १९७२-७३ च्या दुष्काळाच्या अनुभवानंतर तर अन्नधान्याचे स्वावलंबन हा राज्यापुढील निकडीचा विषय बनला होता. या वाणांचा ताट बुटका असल्याने कडबा मात्र कमी मिळे. पुढे ज्वारीची जागा बऱ्याच ठिकाणी सोयाबीनने घेतली व वैरण आणखी घटली. वैरण घटली की गुरे घटतात, गुरे घटली की शेणखत घटते आणि जमिनीतील जैव पदार्थांची भरपाई थांबते. ट्रॅक्टरच्या प्रसाराने ही साखळी पूर्ण झाली.

रासायनिक खतांचे मृदेवरील परिणाम तपासण्यासाठी अकोला येथील कृषी विद्यापीठात १९८८ पासून ज्वारी-गहू या पीकक्रमावर दीर्घकालीन प्रयोग चालू आहे. एकट्या नायट्रोजनयुक्त खताने उत्पादन टिकत नाही. नायट्रोजन, फॉस्फरस व पोटॅश यांच्या संतुलित मात्रेस शेणखताची जोड दिली असता उत्पादन व सेंद्रिय कार्बन ही दोन्ही सुधारतात, असे त्यातून दिसून आले आहे. हैदराबादजवळील पाटणचेरू येथे आंतरराष्ट्रीय संस्थेने १९७६ मध्ये काळ्या जमिनीवर सुरू केलेल्या प्रयोगाचा निष्कर्षही बोलका आहे. रुंद गादीवाफे व सरी, खरिपातही पीक, तुरीसारखे द्विदल आंतरपीक आणि संतुलित खत या पद्धतीने दर हेक्टरी वर्षाला सु. ५ टन धान्य मिळाले. खरिपात जमीन मोकळी ठेवणाऱ्या रूढ पद्धतीत ते सु. १ टन होते. धूपही पहिल्या पद्धतीत पुष्कळ कमी होती. अधिक उत्पादन व जमिनीचे रक्षण यांत विरोध असतोच असे नाही, हे या प्रयोगांनी दाखविले.

धारणक्षेत्र घटण्याची क्रिया मात्र अखंड चालू राहिली. कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ मध्ये ४·२८ हे. होते, ते २०१५-१६ मध्ये १·३४ हे. झाले. याच काळात धारणक्षेत्रांची संख्या सु. ५० लाखांवरून सु. १५३ लाखांवर गेली. मान यांना एका गावात जे आढळले, ते शतकानंतर सबंध राज्याचे चित्र बनले. खुद्द पिंपळे सौदागर आता पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत असून तेथील शेतांच्या जागी इमारती उभ्या आहेत.

पाणलोट हे एकक : १९७० नंतरच्या दशकांत काही गावांनी निराळा मार्ग दाखविला. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी सुरू केलेल्या पाणी पंचायतीने जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात पाणी देण्याचा व त्यावर ऊस न घेण्याचा नियम केला. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या, तर नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे १९९० नंतर पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने माथ्यापासून पायथ्यापर्यंत मृदासंधारण, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि पाण्याच्या वापरावर सामूहिक मर्यादा यांचा अवलंब झाला. या गावांतील धारणक्षेत्रे मोठी झाली नाहीत. निर्णयाचे एकक तेवढे मोठे झाले.

मूल्यमापन : दख्खनच्या सु. दोन शतकांच्या अनुभवावरून ‘लहान शेत चांगले की मोठे’ या प्रश्नाचे एकेरी उत्तर मिळत नाही. लहान शेतकरी आपल्या तुकड्याची बारकाईने मशागत करू शकतो. परंतु जमिनीला विश्रांती देण्याची, गुरे पाळण्याची व वाट पाहण्याची ऐपत त्याच्याजवळ नसते. मोठ्या क्षेत्रास यंत्रे व भांडवल उपलब्ध होते; परंतु एकाच पिकाचा हव्यास व अतिरिक्त पाणी यांनी तेही नापीक बनते. धूप, निचरा व भूमिजल यांचे नियम सातबाऱ्याच्या उताऱ्यावरील हद्दींनुसार चालत नाहीत. फड पद्धतीपासून पाणलोट विकासापर्यंत ज्या व्यवस्था टिकाऊ ठरल्या, त्यांत मालकी वैयक्तिक व लहान राहूनही पाणी, पीकक्रम आणि बांधबंदिस्ती यांविषयीचा निर्णय सामुदायिक होता. आणि जेथे हा सामुदायिक दुवा तुटला, तेथे कालव्याचे मुबलक पाणीही जमिनीचा कस राखू शकले नाही.